एजंटाला टूल समजावून सांगताना

समजा, एका शेतकऱ्यानं फोनवरच्या सहायकाला विचारलं, ‘आज लासलगावला उन्हाळी कांदा काय भावानं गेला?’ सहायकामागे एआय एजंट आहे आणि त्याच्या हाताशी बाजार समित्यांचे दर काढून देणारं टूल आहे. टूलचा कोड बिनचूक आहे, मागची माहितीही ताजी आहे. तरी उत्तर येतं, ‘दीड हजार रुपये किलो.’ कारण टूलच्या वर्णनात तीनच शब्द होते: ‘शेतमालाचे बाजारभाव मिळवतं.’ दर क्विंटलला असतो ही गोष्ट लिहिणाऱ्याला इतकी उघड वाटली, की ती लिहायचीच राहिली.

एजंट बनवणाऱ्यांचा बहुतेक वेळ मॉडेल निवडण्यात आणि मुख्य प्रॉम्प्ट घोटण्यात जातो. टूलचं वर्णन सगळ्यात शेवटी, घाईघाईनं, एका ओळीत उरकलं जातं. माझं म्हणणं असं, की हा क्रम उलटा करायला हवा. वर्णन आधी लिहावं, सावकाश लिहावं, आणि शक्यतो ज्याला ते काम ठाऊक आहे त्याच्या शेजारी बसून लिहावं. सहकारी पतसंस्था, दवाखाना, ग्रामपंचायत, शाळा, कुठल्याही ठिकाणासाठी एजंट बनवत असाल तरी हे लागू आहे. या लेखात बाजारभावाचंच उदाहरण शेवटपर्यंत घेतो. त्यात अडचणीच्या जागा भरपूर आहेत आणि त्या आपल्या ओळखीच्या आहेत.

मॉडेलला नेमकं काय दिसतं

ओपनएआयनं जून २०२३मध्ये आपल्या एपीआयमध्ये फंक्शन कॉलिंगची, म्हणजे मॉडेलनं बाहेरची टूल वापरण्याची, सोय दिली. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, सगळ्यांसाठी खुला केला. त्यामुळे एकदा लिहिलेलं टूल वेगवेगळ्या एजंटांना जोडणं सोपं झालं. पद्धत कुठलीही घेतली तरी टूलबद्दल मॉडेलकडे मुख्यतः तीन गोष्टी पोचतात. टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि इनपुटचा आराखडा. हा आराखडा जेसन स्कीमाच्या रूपात असतो. कोणते पॅरामीटर आहेत, प्रत्येकाचा प्रकार काय, कोणते दिलेच पाहिजेत, हे त्यात लिहिलेलं असतं.

कोड पोचत नाही. डेटाबेसचे रकाने, त्या डेटाबेसमधल्या खाचाखोचा, टीममध्ये चहावर झालेली चर्चा यांतलं काहीही पोचत नाही. वापरणाऱ्याचा प्रश्न ज्या मजकुरात बसतो त्याच मजकुरात तुमच्या टूलचं वर्णनही बसतं. मॉडेल दोन्ही एकत्र वाचतं, टूल लागेल की नाही ते ठरवतं, लागत असेल तर पॅरामीटर भरून देतं. मग तुमचा प्रोग्रॅम ते फंक्शन चालवतो आणि निकाल पुन्हा मजकूर म्हणून मॉडेलपुढे ठेवतो.

प्रोग्रॅमर फंक्शनच्या डोक्यावर जी कॉमेंट लिहितो तिच्यात आणि या वर्णनात हा मोठा फरक आहे. कॉमेंट अपुरी असली तर पुढचा प्रोग्रॅमर कोड उघडून बघतो, नाहीतर लिहिणाऱ्याला फोन करतो. मॉडेलला दोन्ही वाटा बंद आहेत. जे लिहिलेलं नाही ते मॉडेल अंदाजानं भरून काढतं, आणि हा अंदाज त्यानं जगभरच्या मजकुरातून बांधलेला असतो. जगभरच्या मजकुरात भाजीचा भाव बहुधा किलोला असतो.

एक वर्णन, पूर्ण लिहून

राज्य कृषी पणन मंडळाच्या तक्त्यांत दराच्या नोंदी ज्या रकान्यांत येतात ते शेतकऱ्यांना पाठ आहेत: बाजार समिती, जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. त्या नोंदी वाचणारं एक टूल आपण बनवलं आहे असं धरू. त्याचं वर्णन मी असं लिहीन:

‘महाराष्ट्रातल्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांमध्ये एका तारखेला एका शेतमालाला मिळालेले घाऊक दर देतं. विशिष्ट समितीतला, विशिष्ट दिवसाचा भाव विचारला असेल तेव्हा वापरावं. किरकोळ बाजारातला दर, हमीभाव किंवा पुढे भाव काय राहील याचा अंदाज विचारला असेल तर वापरू नये. हमीभावासाठी हमीभाव_पाहा हे टूल आहे. प्रत्येक नोंदीत जात/प्रत, परिमाण, आवक आणि कमीत कमी, जास्तीत जास्त व सर्वसाधारण असे तीन दर असतात. दर रुपयांत असतो आणि परिमाण या रकान्यात दिलेल्या एककाला असतो. बहुतेक मालाचं परिमाण क्विंटल, म्हणजे १०० किलो, असतं. काही पालेभाज्यांचं नग असतं. उत्तर देताना एकक नेहमी सांगावं. त्या दिवशी लिलाव झाले नसतील किंवा नोंद अजून आली नसेल तर रिकामी यादी येते. रिकामी यादी म्हणजे भाव शून्य नव्हे. अशा वेळी शेवटची_नोंद हा पर्याय चालू करून पुन्हा विचारावं आणि मिळालेला भाव कोणत्या तारखेचा आहे ते उत्तरात सांगावं.’

लांब वाटतं? आहे खरं. अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक टूलसाठी किमान तीन-चार वाक्यं लिहा असं सांगितलेलं आहे आणि गुंतागुंतीच्या टूलला त्याहून जास्त. लांबीपेक्षा प्रत्येक वाक्य कशासाठी आहे ते बघा.

पहिलं वाक्य टूल काय करतं ते सांगतं, आणि ते बहुतेक जण लिहितातच. ‘घाऊक’ हा शब्द त्यात मुद्दाम घातला आहे. मंडईत गृहिणीला मिळणारा भाव आणि समितीच्या लिलावात शेतकऱ्याला मिळणारा भाव यांत बरंच अंतर असतं. विचारणारा कुठल्या बाजूचा आहे यावर हे टूल उपयोगी पडेल की नाही ते ठरतं.

‘वापरू नये’ हे वाक्य मला संपूर्ण वर्णनात सर्वांत मोलाचं वाटतं, आणि तेच सर्वांत जास्त वेळा गाळलेलं दिसतं. टूल हाताशी असलं की ते वापरण्याकडे मॉडेलचा कल असतो. ‘कांद्याला हमीभाव किती आहे?’ हा प्रश्न घ्या. केंद्र सरकार ज्या पिकांसाठी किमान आधारभूत किंमत जाहीर करतं त्यांत कांदा नाही. योग्य उत्तर आहे ‘कांद्याला हमीभाव जाहीर होत नाही’. पण वर्णनात सीमा आखलेली नसेल तर मॉडेल बाजारभावाचं टूल चालवेल, सर्वसाधारण दर उचलेल आणि तोच हमीभाव म्हणून सांगेल. शेतकरी तो आकडा धरून व्यापाऱ्याशी वाद घालायला जाईल. म्हणून हमीभाव_पाहा या टूलच्या वर्णनातही एक वाक्य हवं, की यादीत नसलेल्या पिकाला हमीभाव नाही असं स्पष्ट सांगावं आणि बाजारभाव त्याऐवजी देऊ नये.

रिकाम्या यादीबद्दलची वाक्यंही अशीच अनुभवानं सुचणारी आहेत. सकाळी आठ वाजता कुणी ‘आजचा भाव’ विचारला तर नोंद तयारच नसते. सुट्टी असते, व्यापाऱ्यांचा बंद असतो, कधी आवकच होत नाही. प्रोग्रॅमच्या दृष्टीनं या सगळ्यांचं उत्तर एकच, रिकामी यादी. मॉडेलला ती ‘माल विकला गेला नाही’ अशीही वाटू शकते आणि ‘टूल बिघडलं’ अशीही. तिचा अर्थ तुम्हीच सांगायला हवा.

हे वर्णन लिहायला कोडची माहिती फारशी लागली नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. परिमाणात ‘नग’ही असतो हे ज्यानं कोथिंबिरीचा लिलाव पाहिला आहे त्याला माहीत असतं. वर्णन लिहिताना विषयाचा जाणकार शेजारी हवा असं मी म्हणतो ते त्यासाठीच. कोड लिहिणारा त्याला प्रश्न विचारत राहील आणि तो सांगत जाईल, अशी बैठक एखाद्या टूलमागे तासभर तरी व्हायला हवी.

पॅरामीटर: चूक करायला जागाच ठेवू नका

आराखड्यातल्या प्रत्येक पॅरामीटरला स्वतःचं छोटं वर्णन देता येतं. अनेक जण ते रिकामं सोडतात किंवा ‘तारीख: तारीख’ असं लिहून मोकळे होतात.

तारखेचंच बघू. मॉडेलला आज कोणती तारीख आहे हे आपोआप कळत नाही. ती सांगावी लागते, प्रॉम्प्टमध्ये नाहीतर एखाद्या टूलमधून. ते न करता ‘आज’, ‘काल’ असे शब्द पॅरामीटरमध्ये चालतील असं ठेवलंत तर गोंधळ ठरलेला. मराठीत भर म्हणजे ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. ‘परवा काय भाव होता’ आणि ‘परवा माल नेतोय’ यांतला फरक क्रियापदावरून कळतो. हा उलगडा करण्याचं काम मॉडेलवर सोडा, ते त्याला बऱ्यापैकी जमतं. टूलनं मात्र पूर्ण तारीखच मागावी. पॅरामीटरच्या वर्णनात लिहावं: ‘चार अंकी वर्ष, दोन अंकी महिना, दोन अंकी दिवस, मध्ये डॅश, इंग्रजी आकड्यांत. भारतीय वेळेप्रमाणे. पुढची तारीख चालत नाही.’ शेतकरी देवनागरी आकडे वापरेल, ‘साडेतीन क्विंटल’ किंवा ‘अडीच हजार’ म्हणेल. टूलला ३.५ आणि २५०० इंग्रजी आकड्यांत हवे असतील तर तेही लिहावं.

बाजार समितीच्या नावाचा प्रश्न जास्त अवघड आहे. लासलगाव, लासलगाव-निफाड आणि लासलगाव-विंचूर अशा तीन वेगळ्या नोंदी तक्त्यात येतात. पुण्याच्या तर आणखी जास्त: पुणे, पुणे-पिंपरी, पुणे-मोशी, पुणे-खडकी. नुसतं ‘समितीचं नाव’ असं लिहिलं तर मॉडेल ‘लासलगाव कांदा मार्केट’ असं स्वतःचंच नाव बनवून पाठवेल. त्यात जिल्ह्यांची नावं बदललेली आहेत. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४मध्ये. जुन्या नोंदी जुन्या नावानं साठवलेल्या असतील आणि लोकांच्या तोंडी तर दोन्ही नावं असतात. इथे वर्णनात समजावत बसण्यापेक्षा आराखड्यातच चालणाऱ्या नावांची बंद यादी द्यावी. यादी फार मोठी असेल तर समिती शोधून तिचा क्रमांक देणारं वेगळं टूल ठेवावं आणि या टूलच्या वर्णनात ‘आधी समिती_शोधा वापरावं’ असं लिहावं. जुन्या नावावरून नवं ओळखण्याचं काम कोडनं करावं.

एखादी चूक वर्णनात बजावून टाळता येते, तशी रचना बदलूनही टाळता येते. दुसरी वाट जमत असेल तर नेहमी तीच धरा. याचं चांगलं उदाहरण अँथ्रॉपिकनं डिसेंबर २०२४मध्ये दिलं. प्रत्यक्ष सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी सोडवण्याची एसडब्ल्यूई-बेंच नावाची एक कसोटी आहे. तिच्यासाठी एजंट बनवताना मुख्य प्रॉम्प्टपेक्षा टूल सुधारण्यातच आपला जास्त वेळ गेला असं त्यांनी नोंदवलं. फाइलचा सापेक्ष पत्ता घेणारं त्यांचं एक टूल होतं. एजंट मूळ फोल्डर सोडून दुसरीकडे गेला की पत्ता चुकायचा. टूलला फाइलचा संपूर्ण पत्ताच सक्तीचा केला आणि ती चूक थांबली.

उदाहरणं द्यावीत का? द्यावीत, पण जपून. मॉडेल उदाहरणाला फार चिकटतं. शेतमाल या पॅरामीटरपुढे ‘उदा. कांदा’ एवढंच लिहिलं आणि प्रश्नात पिकाचं नाव स्पष्ट नसलं, तर ते कांदाच भरून मोकळं होण्याची शक्यता असते. दोन-तीन वेगळ्या धाटणीची उदाहरणं द्या, आणि माहिती अपुरी असेल तर काय करायचं तेही सांगा: ‘शेतमाल कळत नसेल तर टूल न चालवता वापरणाऱ्याला विचारावं.’ हे शेवटचं वाक्य मी जवळजवळ प्रत्येक सक्तीच्या पॅरामीटरपाशी लिहीन.

नावाबद्दल थोडंसं. ओपनएआय आणि अँथ्रॉपिक या दोघांच्याही एपीआयमध्ये टूलच्या नावात रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि डॅश एवढंच चालतं. इथे वाचायला सोपं जावं म्हणून नावं देवनागरीत लिहिली आहेत, प्रत्यक्षात ती रोमन लिपीत द्यावी लागतील. नावात काम आणि विषय दोन्ही यावेत. ‘डेटा_आणा’ किंवा ‘माहिती’ अशा नावांनी कुणाचंच भलं होत नाही.

टूल वाढली की

एक टूल नीट समजावणं तसं सोपं. दहा झाली की त्यांच्यातल्या सीमा सांभाळाव्या लागतात. जुन्या एपीआयचा प्रत्येक दुवा एकेक टूल म्हणून एजंटाला जोडून देण्याची पद्धत मला घातक वाटते. भाव_यादी, भाव_तपशील, भाव_शोधा, दर_सारांश अशी चार टूल असतील तर कोणतं कधी, हे त्यांची रचना करणाऱ्यालाही क्षणभर थांबून आठवावं लागतं. दोन टूलमधला फरक तुम्हाला एका वाक्यात सांगता येत नसेल तर ती एक करा. ओपनएआयनं एका वेळी २०पेक्षा कमी फंक्शनं ठेवावीत असा सल्ला दिला आहे, आणि शिवाय प्रत्येक वर्णन मॉडेलच्या मजकुरातली जागा खातं, म्हणजे खर्चही वाढवतं.

शेतकऱ्याचा प्रश्न कसा येतो ते बघून टूल आखा. ‘आजूबाजूच्या कुठल्या समितीत जास्त भाव मिळतोय?’ हा प्रश्न रोजचा आहे. त्यासाठी एजंटाला पाच समित्यांचे दर पाच वेळा आणायला लावून मनात तुलना करायला लावण्यापेक्षा भाव_तुलना हे एक टूल द्या, जे तुलना कोडमध्ये करतं. त्याच्या वर्णनात सीमा आखा: ‘एकाच शेतमालाची, एकाच जात/प्रतीची, एकाच तारखेची तुलना. वाहतूकखर्च, हमाली, तोलाई धरलेली नाही. उत्तरात तसं सांगावं.’ वाहतूकखर्चाचं ते वाक्य कुणी विसरलं तर पन्नास रुपये जास्त भावासाठी शेतकरी ऐंशी किलोमीटर टेम्पो नेईल.

टूलचं उत्तरही मॉडेल वाचतं

वर्णन लिहून काम संपत नाही, कारण टूल जे परत देतं तेही मॉडेलच्या वाचनातच येतं. ‘त्रुटी ४००’ एवढंच परत आलं तर मॉडेल तोच प्रयत्न पुन्हा करेल किंवा हार मानेल. त्याऐवजी असं परत पाठवा: ‘लासलगाव कांदा मार्केट या नावाची समिती सापडली नाही. जवळची नावं: लासलगाव, लासलगाव-निफाड, लासलगाव-विंचूर. यांपैकी एक निवडावं. कोणतं ते कळत नसेल तर वापरणाऱ्याला विचारावं.’ पुढच्याच खेपेला काम मार्गी लागतं.

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४मध्ये एसडब्ल्यूई-एजंट नावाची, कोडमधल्या त्रुटी सोडवणारी प्रणाली मांडली. तिच्यात अशा बारकाव्यांचा नीट विचार केलेला दिसतो. एजंटाला फाइल एका वेळी १०० ओळींच्या खिडकीतून दाखवली जायची. शोधाचे निकाल ५०पेक्षा जास्त झाले तर सगळे ओतण्याऐवजी ‘शोध आणखी नेमका करा’ असं सांगितलं जायचं. कोडमधल्या बदलानं व्याकरण बिघडत असेल तर तो बदल नाकारून कारण परत मिळायचं. माणसासाठी स्क्रीन आखताना जी काळजी घेतली जाते तीच त्यांनी मॉडेलसाठी घेतली.

आपल्या उदाहरणात याचा सरळ अर्थ असा: निकालात ‘दर: १५००’ असं देऊ नका, ‘सर्वसाधारण दर: १५०० रुपये प्रति क्विंटल’ असं द्या. एकक वर्णनातही असू दे आणि प्रत्येक नोंदीतही. समिती क्रमांक ११७ असं परत देण्याऐवजी नाव द्या. शंभर समित्यांचे दर कुणी मागितलेच तर पहिले काही द्या आणि बाकीचे कसे मिळतील ते शेवटी लिहा.

जिथे चूक महागात पडते

आतापर्यंतची टूल फक्त माहिती वाचत होती. समजा, याच एजंटाला गटातल्या सगळ्या शेतकऱ्यांना एसएमएस पाठवणारं टूल दिलं. आता वर्णनात वेगळ्या गोष्टी लिहाव्या लागतील: संदेश लगेच जातो, परत घेता येत नाही, किती जणांना जाईल ते आधी वापरणाऱ्याला दाखवून होकार घ्यावा, एकच संदेश दोनदा पाठवल्यास दोनदा जातो. एमसीपीमध्ये टूल फक्त वाचणारं आहे की काही मोडणारं आहे हे सांगणाऱ्या खुणा जोडता येतात. त्या जरूर भरा. पण त्या प्रोटोकॉलमध्येच असं म्हटलेलं आहे, की टूल पुरवणाऱ्या ज्या सर्व्हरवर विश्वास नाही त्याच्या खुणा खऱ्या धरून चालू नये.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. वर्णन हे कुलूप नव्हे. ‘होकाराशिवाय पाठवू नये’ हे वाक्य मॉडेल बहुतेक वेळा पाळेल, पण बहुतेक वेळा पुरेसं नाही. होकाराची अट कोडमध्येच असायला हवी: होकार नोंदला गेल्याशिवाय संदेश जाताच कामा नये. पैशांचे व्यवहार, नोंदी पुसणं, कुणाची खासगी माहिती बाहेर पाठवणं, या सगळ्यांना हेच लागू.

दुसऱ्यांनी बनवलेली टूल जोडताना त्यांची वर्णनं स्वतः वाचा. एप्रिल २०२५मध्ये इन्व्हेरिअंट लॅब्ज या सुरक्षा कंपनीनं दाखवून दिलं, की टूलच्या वर्णनात लपवलेल्या सूचना मॉडेल निमूटपणे पाळू शकतं, आणि वापरणाऱ्याला त्या पडद्यावर दिसतही नाहीत. वर्णन वापरणाऱ्याच्या प्रश्नाच्याच मजकुरात बसतं, हे सुरुवातीला म्हटलं त्याची ही दुसरी बाजू.

ओरडून लिहिण्याचा मोहही टाळा. ‘अत्यंत महत्त्वाचं! नेहमी हेच टूल वापरा!!’ असं लिहिलं की मॉडेल ते टूल नको तिथेही वापरू लागतं. कारण सांगितलेलं वाक्य जास्त चांगलं चालतं: ‘संदेश परत घेता येत नाही, म्हणून आधी होकार घ्यावा.’ कारण कळलं की वर्णनात न आलेल्या प्रसंगीही मॉडेल बरा निर्णय घेतं.

मराठीत लिहावं की इंग्रजीत?

हा प्रश्न मराठी टीममध्ये हमखास निघतो. बहुतेक मॉडेलांमध्ये देवनागरी मजकुराला त्याच आशयाच्या इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल वाचतं ते मजकुराचे तुकडे) लागतात, म्हणजे जागा आणि पैसे दोन्ही. दुसऱ्या बाजूनं ‘सर्वसाधारण दर’, ‘परिमाण’, ‘आवक’, ‘सातबारा’, ‘फेरफार’ हे शब्द इंग्रजीत नेले की त्यांची धार जाते, आणि वापरणारा तर मराठीतच विचारणार असतो.

माझा सल्ला असा: पहिला मसुदा मराठीतच करा, कारण विषयाचा जाणकार मराठीत बोलतो आणि तपासणार तोच आहे. मग हवं तर वाक्यांची चौकट इंग्रजीत न्या, पण विषयातले शब्द देवनागरीत जसेच्या तसे ठेवा. दोन्ही रूपं खाली सांगितल्याप्रमाणे चाचणीला लावा आणि जे चांगलं चालेल ते घ्या. वेगवेगळ्या मॉडेलांचा निकाल वेगळा येऊ शकतो.

चाचणी

वर्णन चांगलं झालं की नाही हे वाचून ठरत नाही. खऱ्या माणसांनी विचारावेत तसे प्रश्न जमवा, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच शुद्धलेखनात. ‘काल टमाट्याला काय रेट निघाला पिंपळगावला’, ‘कोथिंबीर जुडी कितीला’, ‘सोयाबीन ठेवू का विकू’, ‘तुरीला हमीभाव किती’, ‘नगरला कांदा कसा’. प्रत्येक प्रश्नापुढे लिहा की कोणतं टूल चालायला हवं, कोणत्या पॅरामीटरांसह, आणि कुठे टूल न चालवता उलट प्रश्न विचारायला हवा. ‘ठेवू का विकू’ हा भविष्याचा प्रश्न आहे. तिथे बाजारभावाचं टूल ताजा दर देऊ शकतं, सल्ला देऊ शकत नाही. टूल चालवूच नये अशा प्रश्नांची संख्या यादीत भरपूर ठेवा. ती नसली तर सारखं टूल चालवणारा एजंटही तुमच्या चाचणीत पहिला येईल.

मग एजंट चालवा आणि फक्त शेवटचं उत्तर बघू नका. त्यानं कोणतं टूल, काय भरून बोलावलं, काय परत आलं, हे ओळीनं वाचा. ही नोंद वाचताना कुठलं वाक्य कमी पडलं ते बहुधा लगेच दिसतं. अँथ्रॉपिकनंच सांगितलेला एक किस्सा आहे: त्यांच्या वेब शोधाच्या टूलमध्ये त्यांचं मॉडेल क्लॉड शोधाला विनाकारण ‘२०२५’ जोडत होतं आणि निकाल बिघडत होते. ते लक्षात आलं आणि टूलचं वर्णन सुधारून ते दुरुस्त केलं. शेवटच्या उत्तरावर नजर ठेवून बसलं असतं तर कारण सापडायला फार वेळ लागला असता.

एका वेळी एकच वाक्य बदला. चार बदलली आणि निकाल सुधारला तर कशामुळे ते कळत नाही, आणि निरुपयोगी वाक्यं वर्णनात साठत जातात. काही प्रश्न बाजूला राखून ठेवा, जे सुधारणा करताना तुम्ही पाहणार नाही. शेवटी त्यांवर तपासा. नाहीतर वर्णन त्या ठरावीक प्रश्नांपुरतंच शहाणं होतं.

वर्णन कोडच्या शेजारी, त्याच रिपॉझिटरीत ठेवा. उद्या तक्त्यात नवा रकाना आला, एखाद्या मालाचं परिमाण नगावरून क्विंटलवर गेलं, तर कोडचा बदल आणि वर्णनाचा बदल एकाच वेळी व्हायला हवा. नाहीतर चालू कोडवर जुनं वर्णन राहतं, आणि अशी चूक कुठलीही त्रुटी न दाखवता महिनोन्महिने चालू राहते.

आणि लोकांना वापरायला देण्याआधी ते वर्णन बाजार समितीत काम करणाऱ्या एखाद्याला वाचून दाखवा. कोड दाखवू नका, फक्त वर्णन. ज्या वाक्यावर तो ‘असं नसतं हो’ म्हणेल ते बदला, आणि ‘पण उपबाजाराचं काय?’ असं काही विचारेल त्याचं उत्तर वर्णनात घाला.